थर्झाचे टब

थर्झा बाउडनच्या अंगणात न्हाणीचे सात टब होते. पांढऱ्या मुलाम्याचे, पंजाच्या आकाराचे पाय असलेले. खाडीच्या टोकावरचं जुनं हॉटेल पाडलं तेव्हा डेलमाँट ग्रिंडलच्या ट्रकमधून तिने ते एकेक करून आणले. हॉटेलात त्यांत बोस्टनच्या बायका डुंबत असत. थर्झाकडे आल्यावर त्यांत तोफगोळे डुंबू लागले. "बाउडनांच्या घरात अंघोळ फक्त लोखंडाला मिळते," असा एक विनोद गावात होता. तो सगळ्यांत आधी थर्झानेच केला होता, हे लोक विसरले.

पेनॉब्स्कॉट नदी जिथे खाडीत उतरते तिथे आमचं गाव आहे. तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खाण्याच्या शिंपल्या, खणणाऱ्यांचं गाव. ओहोटी लागली की उंच रबरी बूट घालून चिखलात जायचं, कमरेत वाकून आखूड दांड्याच्या काट्याने खणायचं, भरती आली की परतायचं. थर्झा हे सोळाव्या वर्षापासून करत होती. बुटकी, रुंद पाठीची, बोटं सदैव थोडी वाकलेली, काटा हातात नसला तरी धरल्यासारखी. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नव्हतं असं नाही. "विचारणाऱ्याला चिखलाचा वास नको होता," ती सांगायची, "आणि मला त्याच्या डोक्याच्या तेलाचा."

आमच्या चिखलात तिसऱ्यांबरोबर लोखंडही सापडतं. १७७९ च्या उन्हाळ्यात, स्वातंत्र्याच्या लढाईत, इंग्रजांना हुसकायला आलेलं आपलं आरमार याच पाण्यात जळालं. त्याची जहाजं गेली, लाकूड कुजलं, लोखंड राहिलं. गावात पूर्वी असं एक घर नव्हतं जिथे त्यातला एखादा तुकडा नव्हता. फाटक आपोआप मिटावं म्हणून साखळीला गोळा बांधलेला असायचा. दाराला अडसर म्हणून गोळा. वीतभर लांबीच्या खिळ्यांवर कोट टांगलेले. पण समुद्रातून काढलेलं लोखंड कोरडं पडलं की टिकत नाही. आधी घाम आल्यासारखे तांबडे थेंब येतात, मग चिरा, मग पापुद्रे सुटतात. थर्झाच्या वडिलांनी, अमासा बाउडननी, त्यांच्या आजोबांनी काढलेला गोळा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता. थर्झा लहान असताना एका हिवाळ्यात सकाळी तो दोन शकलं होऊन खाली पडला आणि त्यातून विटेच्या भुकटीसारखं काहीतरी जमिनीवर सांडलं. अमासा म्हणाले, "झाडून टाक." थर्झाने झाडलं. ती म्हणायची, सुपलीत भरताना त्या भुकटीला वजनच नव्हतं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

म्हणून टब. सोडा घातलेलं पाणी, त्यात लोखंड. दर महिन्याला पाणी उपसायचं, नवं भरायचं, सोडा घालायचा. हिवाळ्यात वरून फळ्या आणि फळ्यांवर समुद्री गवताचा जाड थर, जसा आम्ही घरांच्या पायथ्याला लावतो तसा. चाळीस वर्षं हे काम तिने एकटीने केलं. त्यात काय काय होतं! गोळे होते, खिळे होते, डोलकाठीच्या दोरांच्या कड्या होत्या, तोफगाड्याच्या आसाची टोपणं होती, आणि खलाशांचा स्वयंपाक ज्यात होत असेल अशी तीन पायांची एक कढई होती, जिला एक पाय नव्हता. कुठली वस्तू कुठे सापडली ते तिला पाठ. मासेमारी करणारे खुणा धरतात तशी तिची पद्धत होती: चर्चचा कळस अमक्या धुराड्याच्या बरोबर मागे आला आणि काळा खडक डाव्या खांद्याला आला की ती जागा.

दर वसंतात मी शाळेतल्या मुलांना तिच्याकडे नेत असे. ती भाषण देत नसे. मुलाची बाही दुमडून त्याचा हात पाण्यात घालायची.

"काय वाटतं?"

"थंड."

"बरोबर. जे वाटतं तेच सांगायचं. बाकीचं बाईंना विचार."

एकदा एका मुलीने विचारलं, "ही आपली जहाजं इंग्रजांनी बुडवली ना?"

"इंग्रजांनी कुठली! इंग्रजांची जहाजं खाडीच्या तोंडाशी दिसली आणि आपले वर नदीत पळाले. पळता येईना तेव्हा स्वतःच पेटवून दिली आणि रानातून चालत घरी गेले."

"म्हणजे आपण हरलो?"

"हरलो नाही गं. पळालो. हरायला थांबावं लागतं."

मुलं हसली. घरी जाऊन सांगितलं. दोन पालकांनी माझ्याकडे तक्रार केली. मी त्यांना म्हटलं, यात खोटं काय ते सांगा, मी मुलांकडून दुरुस्त करून घेते. पुन्हा कुणी आलं नाही.

आता व्हिटकोम यांच्याबद्दल सांगायला हवं, आणि न्यायाने सांगायला हवं. हार्लन व्हिटकोम कनेटिकटहून निवृत्त होऊन आले आणि थर्झाच्या घराच्या वरच्या चढावर त्यांनी घर घेतलं. वाईट माणूस नाही. चर्चचं कुंपण त्यांनी स्वतः रंगवलं, आजाऱ्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं. फक्त त्यांच्या दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीतून खाडी दिसायची आणि खाडीच्या अलीकडे सात टब. आरमाराच्या जळण्याला दोनशे वर्षं होणार होती. त्या सोहळ्याची समिती स्थापन झाली आणि व्हिटकोम तिचे अध्यक्ष झाले. ज्या लोखंडाचा सोहळा करायचा ते आणि जे लोखंड डोळ्यांत खुपतंय ते एकच आहे, ही गोष्ट त्यांना विचित्र वाटली नाही.

ते तिच्याकडे आले तेव्हा मी तिथेच, ओट्यावर बसले होते.

"मिस बाउडन, हे सगळं इथे असं पडलेलं बरं दिसत नाही. आम्ही सभागृहात काचेचं कपाट करतोय. मखमल घालू. नीट घासून, वाळवून, वर काळं पॉलिश."

"वाळवलं की जाईल ते."

"हल्ली बरेच उपाय आहेत. तज्ज्ञांना विचारू."

"विचारा की. घेऊन या त्यांना. मी चहा टाकते."

तज्ज्ञ काही आला नाही. राज्याच्या राजधानीतल्या संग्रहालयात मी स्वतः चौकशी केली होती. त्यांचे टब आधीच भरलेले होते, वरच्या तळ्यातल्या एका जहाजाच्या लोखंडाने. हे मी व्हिटकोमना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि त्या हिवाळ्यात ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एकतिसावा विषय आला: रस्त्यावरून दिसणाऱ्या अंगणात भंगार साठवण्यास बंदी, आणि असलेलं महिन्याच्या आत हलवणं.

भंगार. हा शब्द मी तेव्हा वाचला आणि आजही तो माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमची ग्रामसभा मार्चमध्ये भरते. सकाळी सुरू होते आणि सगळे विषय संपेपर्यंत चालते. दुपारी चर्चच्या बायका जेवण वाढतात, काकवीत रात्रभर शिजवलेला घेवडा, तपकिरी पाव आणि ॲपल पाय. प्रत्येकाला बोलायचा हक्क, हात वर करून मतदान. आणि विषय क्रमाने. हा क्रम आमच्याकडे फक्त कागदावरचा नाही. त्याच्यावर लोक दिवस आखतात. कुणाला फक्त रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठाच्या विषयात रस असेल तर तो त्या सुमाराला येतो. ओहोटी सभेच्या वेळेत आली तर खणणारे जेवून चिखलात जातात आणि आपल्या विषयाच्या आत परततात. त्यांचे बाप हेच करत होते. क्रम मोडता येतो, असं नियमात लिहिलं आहे हे आम्हाला माहीत होतं. जसं चर्चमध्ये उभं राहून पाद्र्याला मध्येच थांबवता येतं हे माहीत असतं, तसं.

त्या वर्षी खाडी जानेवारीपासून गोठलेली होती. सभेच्या आदल्या रात्री बर्फ फुटून वाहून गेला. खणणाऱ्यांनी कित्येक आठवडे काही कमावलं नव्हतं. आणि थर्झाचं आणखी एक कारण होतं. बर्फ चिखलाला चिकटून गोठतो, आणि सुटताना खालचं उपटून वर आणतो. तिच्या निम्म्या वस्तू बर्फ गेल्यानंतरच्या पहिल्या ओहोटीला सापडल्या होत्या. दुसऱ्या ओहोटीपर्यंत चिखल पुन्हा मिटलेला असतो.

जेवताना ती माझ्या शेजारी होती. ॲपल पाय अर्धा ठेवून खिडकीबाहेर पाहत होती.

"थर्झा, आज नको जाऊस," मी म्हटलं.

"एकतिसावा आहे हो बाई. आता कुठे चौदावा झालाय. अजून शाळेची बस व्हायचीय. बसवर तुम्ही बोलल्याशिवाय राहणार आहात का?"

"तरी पण."

"कार्ल्टन आहे ना खुर्चीवर? त्याच्या बापाने वीस वर्षं सभा चालवली, एक विषय मागेपुढे केला नाही." मग टेबलाच्या टोकाकडे हाक मारली, "काय रे डेलमाँट, किती वेळात येऊ आपण?"

"तू लवकर खणलंस तर लवकर," डेलमाँट म्हणाला. "तू पुन्हा आपली खिळे कुरवाळत बसणार."

"तुझ्या तोंडापेक्षा बरे आहेत ते."

ते गेले. पंधरावीस माणसं. दाराशी त्यांचे रबरी बूट रांगेत होते, ती जागा रिकामी झाली. सभापतीच्या खुर्चीतून ते दार समोर दिसतं.

सभापती होता कार्ल्टन स्टेपल्स. गावच्या अवजारांच्या दुकानाचा मालक, माझा विद्यार्थी, वळणदार अक्षराचा. जेवणानंतर त्याने हातोडी आपटली. पंधरावा विषय वाचायच्या आधी व्हिटकोम उभे राहिले आणि म्हणाले, काही वयस्कर मंडळींना लवकर घरी जायचं आहे, तेव्हा एकतिसावा विषय आधी घ्यावा.

मला वाटलं कार्ल्टन हसेल. तो म्हणाला, "अनुमोदन आहे का?"

होतं. चढावरच्या घरांतून तीन आवाज आले.

मी उठले. "कार्ल्टन, ज्यांचा हा विषय आहे ते चिखलात आहेत."

"बाई, सभापतींना उद्देशून बोला."

"सभापती महाराज, ज्यांचा हा विषय आहे ते चिखलात आहेत, आणि ते तिकडे गेले तेव्हा तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत."

"सभेला हजर राहणं ही प्रत्येकाची जबाबदारी आहे. मागणी नियमात बसते."

"नियमात बसतं म्हणून बरोबर ठरतं का रे?"

"बाई, कृपा करून बसा."

मी बसले नाही. त्याने माझ्या डोक्यावरून पाहत हात वर करायला सांगितले. क्रम बदलला. मग विषयावर मत घेतलं आणि तोही मंजूर झाला, थोड्याच हातांच्या फरकाने. खणणारे असते तर झाला नसता. हे गणित शाळेतलं पोरही करील.

व्हिटकोमना ओहोटीचं कळलं नसेल, असं मानायला मी आजही तयार आहे. त्यांच्या खिडकीतून ते पाणी बघतात, पाण्याची वेळ बघत नाहीत. पण कार्ल्टन? दर नाताळाला हा माणूस आपल्या दुकानाचं नाव छापलेलं भरती-ओहोटीचं कॅलेंडर गावभर फुकट वाटतो. माझ्या स्वयंपाकघरात ते आहे. थर्झाच्या दारामागे होतं. ज्या सभागृहात तो बसला होता तिथे त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरही तेच लटकत होतं. बाहेरच्याने केलं असतं तर मी रागावले असते आणि विसरले असते. आपल्याने केलं. चढावरचे लोक आता त्याच्याकडून रंग, कुंपण, गवत कापायची यंत्रं घेतात, आणि खणणारा एका काट्यावर दहा वर्षं काढतो, एवढंच मला त्यामागचं कारण दिसतं, आणि ते मला पुरेसं वाटत नाही.

बाकीचे विषय पुढे चालू राहिले. बसच्या विषयावर मी एक शब्द बोलले नाही.

पाणी चढू लागलं तसे ते परतले. आधी बूट काढल्याचे आवाज, मग थंड हवा, मग थर्झा. गाल लाल, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओलं पोतं धरलेलं, तान्हं मूल धरावं तसं. ती सरळ माझ्याकडे आली आणि वाकून पोत्याचं तोंड उघडलं. आत दांडीगोळा होता. दोन अर्धे गोळे मध्ये दांडीने जोडलेले. शत्रूच्या शिडांचे दोर तोडायला तो मारत. चाळीस वर्षं ती असा गोळा शोधत होती. तिच्या वडिलांनी लहानपणी एक पाहिला होता आणि ती त्यांचं खरं मानत नसे.

"म्हातारा खोटं बोलत नव्हता," ती कुजबुजली. "बघा बाई! दांडी अजून सरळ आहे."

डेलमाँट मागच्या बाकावर कुणाला तरी विचारत होता, "कितव्यावर आलेत?"

"अठरा चालू आहे."

"मग वेळेत आलो."

शेजारचा खाली बघू लागला. ते थर्झाच्या नजरेतून सुटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"झाला, थर्झा," मी म्हटलं. "एकतिसावा आधी घेतला."

ती सरळ उभी राहिली. पोतं तिने खाली ठेवलं नाही. त्यातून पाणी टपकत होतं आणि सभागृहाच्या फरशीवर पसरत होतं.

"कार्ल्टन," ती म्हणाली, "आज ओहोटी किती वाजता होती रे?"

"थर्झा, त्या विषयावरची चर्चा संपलेली आहे."

"मी चर्चा करत नाहीये. वेळ विचारतेय."

त्याने कागद चाळले. त्या सभागृहात चढावरचे सोडून प्रत्येकाला ती वेळ माहीत होती. कुणीच सांगितली नाही.

व्हिटकोम पुढे झाले. त्यांना वाटलं असावं की आपण मदत करतोय. "मिस बाउडन, फेकून द्या असं कुणी म्हणत नाही. समितीकडे द्या. तुमचं नाव लिहू कपाटावर."

"तुम्ही आत्ताच ते भंगार ठरवलंत ना?"

"तो फक्त कायद्यातला शब्द आहे."

"मग भंगार मखमलीवर ठेवू नये, साहेब. पाहुणे हसतील."

आणि ती घरी गेली. दांडीगोळा तिने सहाव्या टबात ठेवला, सोडा घातला. दिवा लावायच्या आत मी तिच्याकडे पोचले तर ती पाण्यात हात घालून तो कसा बसलाय ते चाचपत होती.

पुढचे काही दिवस खणणारे तिच्या ओट्यावर येत राहिले. प्रत्येकाने एकेक टब आपल्याकडे न्यायची तयारी दाखवली. पण त्यांचीही अंगणं रस्त्याला लागून, आणि ज्यांच्याकडे गोठा किंवा कोठार आहे त्यांचं जाळ्यांनी भरलेलं. शिवाय थर्झाला माणसं माहीत होती.

"डेलमाँट, तू सोडा बदलशील?"

"बदलेन की."

"दर महिन्याला?"

"...बदलेन."

"तुझ्या ट्रकचं तेल शेवटचं कधी बदललंस?"

सगळे हसले, डेलमाँटही. ती हसली नाही. मग म्हणाली, "जिथून आणलं तिथे ठेवते."

मी वाद घातला. म्हटलं, अपील करू, राज्याकडे जाऊ, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा विषय आणू. ती म्हणाली, "पुढच्या मार्चपर्यंत ते चुलीपाशी ठेवू का, बाई? चिखलात दोनशे वर्षं टिकलंय. गावात एक वर्ष टिकणार नाही."

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला आजही एवढा संताप येतो. बिनहवेच्या काळ्या चिखलाने जे सांभाळलं ते आम्ही, शाळा असलेल्या, चर्च असलेल्या, ग्रामसभा असलेल्या माणसांनी सांभाळलं नाही.

एप्रिलच्या एका मोठ्या ओहोटीला तिने ते परत नेलं. खणणारे तिसऱ्या ओढायला वापरतात त्या लाकडी घसरगाड्यांवर लोखंड ओल्या पोत्यांत, गवतात गुंडाळून भरलं. मी किनाऱ्यावर उभी होते. त्या दिवशी कुणीच तिसऱ्या खणल्या नाहीत. थर्झा चिखलात मधोमध उभी राहायची, डोळे बारीक करून कळस बघायची, धुराडं बघायची, दोन पावलं सरकायची, आणि म्हणायची, "इथे." मग ज्याने ती वस्तू ओढत आणली असेल त्याला शेजारी उभं करायची. "बघ. कळस कशाच्या मागे आहे? खडक कुठल्या खांद्याला? म्हणून दाखव." तो म्हणून दाखवायचा, वर्गात पाढा म्हणावा तसा. मग खोल खणायचं, ठेवायचं, मिटवायचं. प्रत्येकाला त्याच्याच वस्तूची खूण. दुसऱ्याची नाही.

कढई तिने स्वतः नेली. दांडीगोळाही. त्याला चिखलाबाहेर येऊन जेमतेम महिना झाला होता.

टब डेलमाँटने नेले. आता त्यांतून गुरं पाणी पितात. अंगण साफ झालं म्हणून व्हिटकोमबाईंनी थर्झाला घरी भाजलेला केक पाठवला. तिने तो कोंबड्यांना घातला. केक चांगला होता, मी चव घेतली होती, पण तिने केलं ते बरोबर केलं.

ऑगस्ट जवळ आला. सभागृहात काचेचं कपाट तयार, मखमल निळी. आत ठेवायला काही नाही. गावातले जुने गोळे कधीच पापुद्रे होऊन गेलेले. शेवटी समितीने शेजारच्या गावातून बोलिंगचे चेंडू आणले, आमच्याकडे खेळतात ते, तळहातात मावणारे, आणि त्यांना काळा रंग दिला. राज्याचे पाहुणे यायचे होते. कुणीतरी चेंडू हातात घेऊन बघेल या भीतीने कार्ल्टनला झोप येईना, असं त्याची बायको सांगत होती.

तो चिखलात आला. ओहोटी होती, मी बंधाऱ्यावर पाय सोडून बसले होते, आणि आवाज पाण्यावरून यावा तसा चिखलावरूनही स्वच्छ येतो. त्याने दुकानातले नवे कोरे बूट घातले होते. खणणाऱ्यांच्या रांगेतून तो चालत गेला. कुणी वर पाहिलं नाही.

"काय कार्ल्टन," एकजण वाकल्यावाकल्या म्हणाला, "एकतिसावा शोधतोयस का?"

पाठी हलल्या. हसू दाबताना.

तो थर्झापाशी पोचला. "थर्झा, एकच गोळा दे. सोहळ्यापुरता. पाण्याच्या बरणीत ठेवतो, हवं तर तू शेजारी उभी राहा."

"माझ्याकडे नाही. गावादेखत नेले सगळे."

"मग जागा सांग. मी काढतो."

"भंगार आहे ते, कार्ल्टन. गावाने ठरवलं."

त्याने एक पाय उपसून पुन्हा टेकवला. बूट रुतत होते. मग म्हणाला, "मला त्या दिवशी ओहोटीचं लक्षात होतं."

"मला माहीत आहे."

"चूक झाली."

"चूक तेव्हा होते जेव्हा लक्षात नसतं." तिने काट्याने एक ढेप उलटली, तिसरी उचलून टोपलीत टाकली. "विशेष सभा बोलाव. तुला हक्क आहे. भरतीच्या वेळी बोलाव, म्हणजे सगळे येतील. हा ठराव मागे घे. मग गोळा घेऊन जा."

"ऑगस्टच्या आत नाही होणार गं. नोटीस लागते. पाहुणे..."

"मग ऑगस्टनंतर कर. लोखंडाला घाई नाही."

त्याने मान हलवली. नवे बूट उपसत परत गेला. सोहळा चेंडूंवर पार पडला. कुणाला कळलं नाही, किंवा कळून बोललं नाही. भाषणात वक्त्याने "शूर खलाशी शेवटच्या श्वासापर्यंत लढले" असं सांगितलं आणि बँड वाजला.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. विशेष सभा कार्ल्टनने बोलावली नाही. घड्याळासारखी वेळ पाळणारा माणूस, पण ती सभा त्याला कधी जमली नाही. पुढच्या मार्चमध्ये खणणाऱ्यांनी बंदी उठवायचा ठराव आणला, पण तोवर चढावर आणखी घरं झाली होती. बंदी आजही लागू आहे. थर्झा त्यानंतर सहा वर्षं जगली आणि शेवटच्या हिवाळ्यापर्यंत खणत राहिली. बर्फ गेल्यावरच्या पहिल्या ओहोटीलाही जायची, पण टोपली फक्त तिसऱ्यांची. तिच्या अंत्यविधीला व्हिटकोम रडले. कार्ल्टन बोलला, चांगलं बोलला, ती गावाचा ठेवा होती म्हणाला. मी उठून बाहेर गेले, कारण आत राहिले असते तर त्याला मध्येच थांबवलं असतं.

लोक आता म्हणतात, थर्झा हट्टी होती. दिलं असतं तर आज नाव राहिलं असतं. त्यांना कोण सांगणार? काचेत काय राहिलं असतं ते तिने सुपलीत भरून पाहिलं होतं.

यंदा बर्फ गेल्यावर डेलमाँट मला भेटला. तोही आता म्हातारा झाला, काठी घेऊन चिखलात जातो.

"बाई, गोळ्याचं डोकं वर आलं होतं काल," तो म्हणाला. "माझा नव्हे. दुसऱ्या कुणाचा तरी."

"मग काय केलंस?"

"पाय दिला. गेला खाली."

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच." मग त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठल्या समितीवर नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे."